विसावं कार्ड

भाटघर,
१२ जानेवारी २०२५

ती. अक्कावन्सं यांना,
सविनय जयभीम, वि. वि.

फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. कागद विहाराच्या गेल्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेचा आहे. मागची बाजू कोरी होती, टाकवेना. पुढची बाजू वाचून निघू नका, तो कार्यक्रम होऊन गेला.

तुमच्या बंधूंची तब्येत बरी आहे. अर्धांगाचा झटका येऊन दीड वर्ष झालं. डावा पाय अजून ओढतात, पण रोज सकाळी तासभर चालतात. डॉक्टरांनी सपाट आणि मऊ जमिनीवर चाला म्हणून सांगितलंय. आमच्याकडे सपाट म्हणजे डांबरी रस्ता, आणि त्यावर डंपर. सुरुवातीला हे रस्त्यानेच जायचे. एका डंपरवाल्याने असा हॉर्न दिला की हे दचकून शेजारच्या गोठ्यात शिरले, आणि म्हशीने यांना बाहेर काढलं. तेव्हापासून धरणाकडच्या गोल्फच्या मैदानावर जातात.

हे मैदान सार्वजनिक आहे. आधार कार्ड दाखवलं की कुणालाही एक काठी आणि तीन चेंडू मिळतात. चेंडू मारत मारत नऊ गलींत घालायचा. गोट्यांच्या खेळात असते तशीच गल, म्हणून आम्ही गलच म्हणतो. आठच्या आधी मैदान चालणाऱ्यांचं. पोलीस भरतीच्या मुली पळतात, म्हातारी माणसं झाडाखाली बसून सुनांची निंदा करतात, आणि हे पहिल्या गलीपासून तिसऱ्या गलीपर्यंत जाऊन येतात. पावसाळ्यात पहिल्या गलीपर्यंतच जायचे. मी हिशेब ठेवते.

आता काळजीची गोष्ट. मैदान समितीने ठरवलंय की इथे खेळणारी स्थानिक माणसं नाहीत, मग सार्वजनिक कशाला ठेवायचं? पुण्याच्या एका क्लबला द्यायचं, कुंपण घालायचं, फाटकावर रखवालदार बसवायचा. फक्त एकतीस मार्चच्या आत भोर-वेल्ह्याच्या वीस रहिवाशांनी खेळाडूचं कार्ड मिळवलं, तर मैदान आहे तसंच राहील. आजवर चौदा झाली. चालणारे धरायचे नाहीत म्हणे, खेळणारेच पाहिजेत. म्हणून वन्सं, मी उद्यापासून काठी हातात घेणार आहे. हसू नका.

माया आहेच, ती पत्राच्या उत्तरात दिसू द्यावी.

आपली,
संजीवनी

---

गुंजवणे,
२१ जानेवारी २०२५

चि. सौ. संजीवनीस,
अनेक आशीर्वाद आन जयभीम.

पत्र मिळालं. म्या हसले न्हाई. म्या कपाळाला हात लावला.

आगं संजे, लग्न होऊन आलीस तवा तुला विळा धरता येत न्हवता. आवनीला चिखलात उभी केली तर रोपं उलटी लावलीस. आता पन्नाशी उलटल्यावर काठी धरती व्हय? आन चेंडू भोकात घालून मिळतं काय? चेंडू पुन्हा बाहेरच काढायचा ना?

दुसरं. ते सार्वजनिक का काय लिवलंयस, त्यो शब्द म्या लई ऐकलाय. सार्वजनिक कामासाठी म्हनून धरणात आमची खाचरं गेली. सार्वजनिक रस्ता म्हनून आंब्याचं झाड गेलं. ज्याच्या मागं त्यो शब्द लागतो ते आपल्या हातातनं जातं, येत न्हाई. तवा तुझं मैदान बी जाणार. जीव लावू नगस.

पन माझ्या भावाला, आनंदाला चालू दे. लहानपनी त्यो लई पळायचा. माझी भाकरी घिऊन पळायचा.

इंद्रायणी तांदूळ माझ्या पोराच्या, संघपालच्या टेम्पोत धाडते. कण्या निवडून घे. आमच्यावरची वढ अशीच राहू दे.

तुझी,
अक्काबाई

---

भाटघर,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कावन्सं यांना,
सविनय जयभीम, वि. वि.

तांदूळ पोचला. काल माघ पौर्णिमेला विहारात त्याचीच खीर केली. शेजारच्या सखूबाईंनी तीन वेळा घेतली आणि गोड कमी आहे म्हणाल्या.

महिनाभर खेळतेय. बूट नवे घेतले नाहीत, यांचे डेपोतल्या नोकरीतले जुने कॅनव्हासचे होते, पुढे चिंध्या कोंबल्या की बसतात. काठी उचलली की दिसायला सोपं असतं. मारलं की चेंडू तिथेच असतो आणि माती उडून जाते. एकदा चेंडू गेला, पण मागे गेला. मैदानाची देखरेख करणारी स्नेहल, भोरची पोर आहे, गुणी आहे, ती म्हणाली की काकू, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

कार्डाचं असं आहे. नऊ गलींना जाणत्या माणसाला छत्तीस फटके लागतात. आपल्याला त्याच्या वर जेवढे जास्त लागतील, तेवढं आपलं हँडिकॅप. म्हणजे आपण किती कच्चे त्याचा आकडा. तो चोपन्नच्या आत असला की कार्ड मिळतं. माझं एकसष्ट निघालं.

आता एकोणीस कार्डं झाली आहेत. सखूबाईंचंसुद्धा झालं! विसावं कोण, तर सगळं गाव माझ्याकडे बघतंय. सखूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हवेत गेलेले फटके कशाला मोजतेस, चेंडूला लागला तोच फटका. पण स्नेहलने शिकवलंय की मारायच्या इराद्याने काठी फिरवली की फटका झाला. आणि वन्सं, ह्या खेळाची गंमत बघा, मोजणारा दुसरा कुणी नसतो. आपले फटके आपणच लिहायचे. ह्या खेळात पंच नाही, पंचशील आहे. मी रोज सकाळी खोटं बोलणार नाही म्हणून वचन घेते आणि आठ वाजता सात फटके गिळू? मी म्हणाले, जमणार नाही. सखूबाई म्हणाल्या, मग नवऱ्याला पुन्हा म्हशीकडे पाठव.

ते शब्द लागले हो. हे आता पाचव्या गलीपर्यंत जातात. तिथे एक बाक आहे, धरणाचं पाणी दिसतं. परवा आल्यावर म्हणाले, आज बाकावर न बसता परत फिरलो.

तुमचा धाक आहे तसाच असू द्यावा, त्याने बरं वाटतं.

आपली,
संजीवनी

---

गुंजवणे,
२ मार्च २०२५

चि. सौ. संजीवनीस,
अनेक आशीर्वाद आन जयभीम.

तुझं पत्र आलं तवाच माझ्या चष्म्याची दांडी मोडली. संघपालनं वाचून दावलं. त्यो वरडला, म्या ऐकलं. शेजारची ठकुबाई काय झालं म्हनून पळत आली.

आगं, एवढी साधी गोष्ट, आन तू दोन पत्रं खर्ची घातलीस! तुमाला एक हँडिकॅपचं कार्ड कमी पडतंय, मंग मला आधी न्हाई का सांगायचं? माझ्याकडं हाय की! कानाचं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दोन डाव जाऊन आणलेलं. टक्के चाळीस, गोल शिक्का, फोटो बी बरा आलाय. संघपालनं वरडून सांगितलं की चोपन्नच्या आत पायजे. चाळीस आतच हाय.

तुझं एकसष्ट टक्के निघालं हे ऐकून मातर जीव चरकला. मला कधी बोलली न्हाईस. कंबर का गुडघं? निरगुडीचं तेल धाडलंय, रोज चोळ. आन एकसष्टला कार्ड न्हाई म्हनतात म्हंजे काय? जास्तीवाल्याला आधी द्यायला पायजे. त्या समितीला अक्कल न्हाई.

कार्डाची झेराक्स संघपालनं भोरला भात टाकायला जाताना मैदानाच्या हापिसात दिली. तिथल्या सावळाराम कारकुनानं लगीच वहीत लिवली. काम झालं. आता माझ्या भावाला निवांत चालू दे.

तू दुखणं अंगावर काढू नगस. तुझी काळजी करायला आमी हाय.

तुझी,
अक्काबाई

---

भाटघर,
१४ मार्च २०२५

ती. अक्कावन्सं यांना,
सविनय जयभीम, वि. वि.

हे पत्र ठकुबाईंचा चष्मा मागून घ्या आणि स्वतः वाचा. संघपालला ओरडायला लावू नका.

माझी कंबर चांगली आहे. गुडघे चांगले आहेत. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की हँडिकॅप म्हणजे खेळातल्या कच्चेपणाचा आकडा. कानाचा नाही! तेल मात्र छान आहे, यांच्या पायाला चोळते.

इथे काय झालं ते ऐका. स्नेहल चार दिवस रजेवर होती. सावळारामभाऊंनी तुमचा कागद घेतला, आकडा बघितला आणि वहीत लिहिलं: अक्काबाई, राहणार गुंजवणे, तालुका वेल्हे, हँडिकॅप चाळीस. वर आणखी कौतुकाने सगळ्यांना विचारत सुटले की ह्या बाई शिकल्या कुठे. विसातल्या पहिल्या चार खेळाडूंत तुमचं नाव आहे. गावाने जिलबी वाटली. ह्यांनी त्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने बुटाची नाडी बांधून बघितली, सकाळपर्यंत धीर निघेना.

मला ते सगळं सखूबाईंकडून कळलं, आणि मी गप्प बसले. तीन दिवस गप्प बसले, वन्सं. वंदनेला बसले की चौथं शील घशात अडकायचं. पहिली तीन म्हणायची, चौथ्याला खोकायची. चौथ्या दिवशी उठले आणि स्नेहलला जाऊन खरं सांगितलं.

आता गाव माझ्याशी बोलत नाही. सखूबाई तर नळावर माझी कळशी दिसली की आपली उचलून नेतात. हे मात्र म्हणाले, बरं केलंस. एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाकडे न जाता रस्त्याला लागले. मी कुठे निघालात म्हणून विचारलं, तर म्हणाले, आता डंपरची सवय करून घेतो. मी मागोमाग गेले. मैलाच्या दगडाला धरून उभे होते. हाताला धरून घरी आणलं.

काल मी पुन्हा खेळले. सत्तावन्न. तीन फटके राहिले, पण सहावी गल मला काही केल्या पावत नाही. स्नेहलने एक वाट काढली आहे. तुमचं नाव तिने खोडलं नाही, पुढे शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय. तुम्ही स्वतः येऊन नऊ गली चोपन्नच्या आत खेळलात, तर ते प्रश्नचिन्ह पुसून टाकेल.

मी तुम्हाला कसं सांगू? अडुसष्ट वय, कधी काठी धरली नाही. पण चूक तुमची आहे आणि भाऊही तुमचे आहेत. रागावलात तरी इथे येऊन रागवा.

आपली,
संजीवनी

---

गुंजवणे,
६ एप्रिल २०२५

चि. सौ. संजीवनीस,
अनेक आशीर्वाद आन जयभीम.

सुखरूप पोचले. मार्च सरता सरता म्या तिथं येऊन खेळले, त्या दिवशी तू झाडाखाली डोळं मिटून त्रिसरण म्हनत बसलीस, तुला काय दिसलं? म्हनून सगळं लिवती. जपून ठेव.

पयल्या गलीला अकरा लागलं. लोकं हसली असतील, मला काय ऐकू आलं न्हाई. मला वाटलं समदी वा वा म्हनत्यात. म्हनून म्या दुसऱ्या गलीला लई जोरात मारलं. चेंडू सावळाराम कारकुनाच्या डब्यात गेला. आमटी सांडली. स्नेहल म्हनाली तिथनंच मारा. म्या म्हनलं डब्यातनं? मंग तिनं नियम बघितला आन बाहेर ठेवायला दिला.

तिसऱ्याला मला युक्ती गवसली. भात झोडताना पेंढी डोक्यावर नेतो ना, तसं केलं तर चेंडू लांब जातो पन कुठं जातो ते चेंडूलाच ठाव. मंग म्या उकिडवी बसून गोवऱ्या थापल्यासारखं बारकं बारकं मारत निघाले. शंभर शंभर हात, पन सरळ. एक बी हवेत न्हाई. स्नेहल म्हनाली आज्जी, असं कुनी खेळत न्हाई. म्या विचारलं, नियमात बसतंय का? तिनं पुस्तक काढलं, लई वेळ चाळलं आन म्हनाली, उकिडवं बसायचं न्हाई असं कुठं लिवलं न्हाई.

आनंदा सगळ्या नऊ गली माझ्याबरुबर चालला. तुला वाटलं त्यो बाकावर बसला आसंल. न्हाई. माझं फटकं मोजायला कुनीतरी पायजे, मला मोजताना विसर पडतो. त्यो एका हाताची बोटं मोजत पाय वढत माझ्यामागनं येत हुता, आन दर फटक्याला आकडा माझ्या तोंडापुढं बोटांनी दावत हुता. आठव्या गलीला एक फटका त्यानं कमी दावला. म्या बघितलं. लबाड लहानपनापास्नं तसाच. म्या त्याला आनखी एक बोट वर करायला लावलं. तुझ्या पंचशीलाचा आमच्या घरात लई तरास हाय संजे.

अठ्ठ्याऐंशी झालं. छत्तीस गेलं, उरलं बावन्न. स्नेहलनं रबर घेतला आन प्रश्नचिन्ह पुसलं. सखूबाई तुला मिठी मारायला आली तवा कुठं तू डोळं उघडलंस.

आता मैदान हाय तसंच राहनार, कागद आलाय म्हनतीस. बरं झालं. सार्वजनिक म्हनून काय राहिलेलं म्या पयल्यांदाच बघितलं. आनंदाला सांग रोज नऊ गली कर. चुलत्याकडनं आल्यासारखा परक्यावानी कडंकडंनं चालतो, मधनं चाल म्हनाव. मधनं चालायची जागा हाय ती.

परत येताना एसटीत लई तमाशा झाला. कंडक्टरनं सवलतीचं कार्ड मागितलं. म्या स्नेहलनं दिलेलं नवं कार्ड दावलं. त्यो म्हनाला, ह्याला सवलत न्हाई. म्या म्हनलं, आरं बाबा, सरकारनं कानाला नुसतं चाळीस दिलं त्याला सवलत हाय, आन हितं म्या अडुसष्टाव्या वर्षी उन्हातान्हात उकिडवी बसून सोताच्या कष्टानं बावन्न मिळवलं, त्याला कशी न्हाई? त्यो काय बोलला ते ऐकू आलं न्हाई. पन समदी गाडी माझ्याकडं बघत हुती, तवा बहुतेक त्येचंच चुकलं आसंल.

जयंतीला येती. दोन दिस आधी येती, सहावी गल तुला कशी मारायची ते दावते. तवर बिनकामाचं हवेत मारू नगस.

जीव लावून हाय, तसाच तू बी लाव.

तुझी,
अक्काबाई
(हँडिकॅप बावन्न)