व्यंकटची गुबगुबीत अक्षरं

६ जून १९९५
व्यंकट आलाय! गावातच आहे मेला!
जॉर्ज टाउनात भांड्यांच्या दुकानावर नवा बोर्ड लागलाय. त्याचीच अक्षरं — जाडजूड, गुबगुबीत, कुठं टोक नाही, कोपरा नाही. पोटातली भोकं मेदुवड्यासारखी. अख्ख्या मद्रासेत असं दुसरं कोण काढतं? पोटच्या पोराचा हात मी ओळखत नाही होय!
तीन वर्षं झाली मुंबईला जाऊन. "तिथं पेंटरला काम आहे, अम्मा." आधी दोन पत्रं, मग काही नाही. आता गावात येऊन बोर्ड रंगवतोय, आणि घरी यायला पाय मोडलेत?
सुनेला सांगितलं. कृष्णवेणीनं स्टोव्हवरून मान वर केली नाही. "बरं झालं, आत्याबाई." एवढंच! दगड आहे बाई.

९ जून
गिंडीला दोन बोर्ड. बसच्या पाठीवर एक — साबणाचा.

१७ जून
आता जिकडंतिकडं तोच. लग्नाच्या मांडवावरसुद्धा! एवढं राबतो, मग जेवतो कुठं? वेणीला म्हटलं, मूठभर भात जास्त टाक, कधीही येईल. टाकते मुकाट्यानं. सकाळी त्यात ताक घालून मीच खाते.

२४ जून
भांड्यांच्या दुकानाखाली उभी राहिले. एका ओळीत तेच अक्षर तीनदा. तिन्ही सारखी. केसाचा फरक नाही.
व्यंकटची अशी कधीच नसायची. ब्रश नवा बुडवला की पुढचं अक्षर अंमळ फुगायचं. मी हसायची — "हे जेवून आलंय वाटतं!"
दुकानदाराला विचारलं, पेंटर कुठं भेटेल?
"पेंटर कुठला, अम्मा? कंप्युटर! समोर, नारायणस्वामीकडं."
गेले. मी कोण ते सांगितलं नाही. त्यानं हौसेनं माझं बोट धरून बटण दाबलं. काचेवर व्यंकटचं अक्षर! पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तसंच.
"काढणारा मोठा कलाकार होता, अम्मा. मुंबईत वारला. दोन वर्षं झाली."
बटणावरचं बोट उचलायचं राहिलं. सगळी काच भरली.

२५ जून
रडले नाही. डोळे कोरडे ठणठणीत. वेणीला सांगायचं नाही. कपाळावर कुंकू आहे तिच्या, राहू दे. माझं काय, मी कोणाशीही खोटं बोलू शकते.
भात जास्तच टाकायला सांगितला.

२ जुलै
राहवेना. नारायणस्वामीला विचारून आले — वारल्याचं तुला कोणी सांगितलं?
"त्यांच्या मिसेसनं. अक्षरांचे कागद तिनंच आणून दिले. म्हणाली, घरी म्हातारी सासू आहे, तिच्या कानावर जाऊ देऊ नका."
घरी आले. वेणी आरशापुढं कुंकू लावत होती.
म्हटलं, "वाकडं झालंय. नीट लाव."