चिंचेपर्यंत गेलेली गाडी

प्रिय शालन,

काल सकाळी गाडीचं मागचं दार उघडलं, तर तुझ्या खाटेच्या वर, खिडकीच्या चौकटीतून भाताचे दोन कोंब बाहेर आले होते. फिके, पिवळट, बोटभर लांब. म्हणून हे पत्र. तू गेल्यापासून दहा महिने मी डायरी उघडतो, तारीख घालतो आणि मिटतो. कालचं मात्र सांगायलाच हवं होतं, आणि ते समजेल असं माणूस तू एकटीच.

तू बजावलं होतंस ना! पत्रा आणि प्लायवूड यांच्यामध्ये पेंढा भरायची कल्पना माझी. शास्त्र शिकवणारा मास्तर मी. पेंढा उष्णता अडवतो, आत तुला गारवा राहील, असं व्याख्यानच दिलं. तू खिडकीजवळच्या पलंगावर पडल्या पडल्या म्हणालीस की पेंढा कडावचा आहे, घाईत झोडलेला, त्यात दाणे राहिलेत, आधी झटकून घ्या. मी विचारलं, भिंतीतल्या दाण्यांना पाणी कोण घालणार? कडावच्या खाचरात वाढलेल्या बाईला मी भात शिकवत होतो. खिडकी पावसाळाभर गळली, आणि तुझंच खरं झालं.

गाडी आणली तो दिवस आठवतो? नेरळच्या बेकरीची जुनी व्हॅन. कितीही धुतली तरी आतून पावाचा वास येई. पहिल्या आठवड्यात शेजारच्या दोघी पिशव्या घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या होत्या. तू आतून मोठ्यानं सांगितलंस, पाव संपले, आता मास्तर मिळतील. त्यानंतर कितीतरी दिवस तू मला ‘अहो पाववाले’ म्हणून हाक मारायचीस. तेव्हा मी चिडायचो. का चिडायचो गं?

तुला हवं होतं तरी किती थोडं! पाठीच्या दुखण्यानं बसता येत नव्हतं, तेव्हा एसटी नाही की रेल्वे नाही. जन्मभर घाट खालून पाहिला, एकदा वर कड्याशी जाऊन आपला मुलूख खाली कसा दिसतो ते बघायचंय, एवढंच. कर्जतहून खोपोली आणि पुढे घाट. जेमतेम दीड तासाची वाट. झोपून नेता येईल अशी गाडी करीन, असं मी म्हटलं, आणि त्या दिवशी तू दोन घास जास्त जेवलीस.

खाटेसाठी सुतळीनं तुझं माप घ्यायला लागलो तेव्हा तुझी आई कडावहून आलेली होती. जित्या माणसाचं निजल्या ठिकाणी माप घेऊ नये, म्हणून तिनं सुतळी माझ्या हातातून काढून घेतली. तू हसलीस आणि म्हणालीस, “घेऊ दे गं. आखूड खाट केली तर पाय बाहेर ठेवून जाऊ काय घाटावर?”

खाट झाली. स्टोव्ह ठेवायला कोनाडा झाला, पाण्याच्या पिंपाला पट्टा झाला, तुझ्या डोक्याशी खिडकी झाली. दिवाळीपर्यंत सगळं झालं होतं, शालन. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. दिवाळीनंतर माझ्या डायरीत रोज काही ना काही बिघडलेलं आहे. फळी वाकडी बसली. बिजागरी कुरकुरते. खाट दोन बोटं खाली घ्यावी लागेल. यातलं एकही खरं नव्हतं. सरळ बसलेली फळी मी उखडायचो आणि पुन्हा बसवायचो. स्वतःच्या डायरीत खोटं लिहिणारा माणूस कोणासाठी लिहीत असतो?

मुंबईच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार तर उन्हाळ्यापर्यंत. त्यांची काही इच्छा असेल तर पुरी करा. मी ऐकलं आणि भलताच अर्थ काढला. मला वाटलं, इच्छा पुरी झाली की तुला थांबायला कारण उरणार नाही. गाडी अपुरी आहे तोवर तू आहेस. रोज सकाळी तू विचारायचीस, झाली का? आणि त्या प्रश्नासाठी मी ती होऊ देत नव्हतो. याला प्रेम म्हणायचं की भित्रेपणा? दहा महिने विचार करतोय. उत्तर मिळत नाही, किंवा मिळतं ते आवडत नाही.

माल वाहायची गाडी खासगी करायची तर सरकारी कागद लागतो, आणि कागदाशिवाय मी गाडी रस्त्यावर काढणार नाही, हे तू पहिल्यापासून धरून चालली होतीस. मार्गशीर्षात तो कागद आला. टेबलावर पाकीट दिसलं, मी ते शब्दकोशात ठेवलं आणि तुला सांगितलं, अजून पत्ता नाही.

मग एका दुपारी तू म्हणालीस, निदान चिंचेपर्यंत तरी न्या. इंजिन बिघडलंय, असं मी सांगितलं. इंजिनाला काय झालं होतं? काहीच नाही. बॅटरी मीच काढून ठेवली होती. शेजारच्या चौघांनी गाडी ढकलली. दारापासून अंगणाच्या टोकाच्या चिंचेपर्यंत, आणि परत. मी स्टिअरिंगपाशी बसून उगाच वळणं घेत होतो. तू आत झोपून खिडकीतून बघत होतीस. उतरवताना तू ढकलणाऱ्या सगळ्यांसाठी चहा करायला सांगितलंस. प्रवास झाला म्हणालीस.

त्या संध्याकाळी, मी तुझी उशी नीट करत असताना, तू शांतपणे म्हणालीस, “कागद आलाय ते मला ठाऊक हाय. पोस्टमननं पाकीट खिडकीतून माझ्याच हातात दिलं. मीच त्याला ते तुमच्या टेबलावर ठेवायला लावलं.”

पाकीट टेबलावर आलं कसं, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं! एरवी पेनाचं टोपण हललं तरी विचारणारा मी.

“तुम्हाला थांबायचं होतं, म्हणून मीही थांबले,” तू म्हणालीस. “पण आता न्या.”

उद्या, असं मी म्हटलं. खरंच ठरवलं होतं गं. सकाळी बॅटरी बसवली. आणि तुला ताप भरला. नंतरचे नऊ दिवस मला लिहवत नाहीत. मी एक दिवस आधी ‘हो’ म्हणालो असतो तर? एक महिना आधी? रागावली का नाहीस माझ्यावर? एकदा तरी भांडायचं होतंस.

काल कोंब बघितले आणि तसाच सायकल काढून कडावला आईंकडे गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. फळ्या, बॅटरी, शब्दकोशातला कागद. वाटलं, आता ही म्हातारी मला दारात उभं करणार नाही, आणि बरोबरच करेल. त्या तांदूळ निवडत होत्या.

मग म्हणाल्या, “तिनं सांगितलेलं मला. म्हणली, आई, त्यांना काय बोलू नको, ते भ्यायलेत.”

मी उठलो. फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. विचारलं, घाटावर येता का? त्याही कधी वर गेलेल्या नाहीत, हे मला वीस वर्षांत कधी सुचलंच नव्हतं.

“कंबर धरते माझी, बसवत नाय,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “खाट हाय ना तुमच्या गाडीत?”

रविवारी निघतो आहोत. शालन, यात तुझं राहिलेलं काही फिटणार नाही, आणि फिटलं असं मी डायरीत लिहिणारही नाही. वचन एवढंच देतो की रविवारी मी कुठलंही कारण शोधणार नाही. बिजागरी कुरकुरली तर कुरकुरू दे. वर पोचल्यावर आई विचारतील, आपलं कडाव कुठं हाय. दिसलं तर बोट करून दाखवीन. ओळखू आलं नाही, तर ओळखू येत नाही, असंच सांगेन.

तुझा,
वसंत