रूपालीचं ताट

८ सप्टेंबर, सोमवार

नाकातनं नळी घातली आज सुनेला. तोंड धडधाकट असताना नाकातनं जेवण! आमच्या वडगावात हे सांगितलं तर विणायचे माग थांबवून हसतील माणसं.

रूपाली शनिवारपासनं आयसीयूत हाय. गणपती पोचवून आलो आणि हिनं पोट धरून जी बसकण मारली, ती उठलीच न्हाय. पित्ताच्या पिशवीतला खडा सरकला म्हणे, त्यानं स्वादुपिंड सुजलं. पंचाहत्तर वर्षं मी हे पोट घेऊन हिंडतीया, आत असलं काय असतंय हे आज कळलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. हाक मारली की पापणी हलती, तेवढंच.

मग आहाराच्या मॅडम आल्या. आरोही नाव. निपाणीची पोर, माझ्या नातीहून चार वर्षांनी मोठी असंल. बेडवरच्या माणसाच्या पोटात किती घालायचं ते ही ठरवती. विचारायला लागली — आजारी पडायच्या आधी महिनाभर जेवण कसं होतं? कपडे सैल झाले होते? उपास-तापास? म्हणाली, "सलाईननं अंगावर सूज आहे आज्जी, वजनावरून काही कळत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते."

माझा लेक रविराज माझ्याकडं बघाय लागला. मी म्हटलं, "आमच्या घरात खायाला तोटा न्हाय बाई. सकाळी दोन भाकऱ्या, दुपारी आमटी-भात, रातीला परत दोन."

"नक्की ना?"

"सासू हाय मी तिची. मला ठाऊक न्हाय तर कुणाला?"

लिहून घेतलं तिनं. तेवढ्यात कानडी नर्स आली — "अज्जी, होरगे कूडरी." बाहेर बस म्हंजे बस. बसलो.

९ सप्टेंबर

हे बोललेलं लिहिणारं यंत्र ऋतिकानं लावून दिलंय. माझी नात. म्हणाली, "आज्जी, दिसाला वीसदा फोन करून तेच तेच सांगतीस. त्यापेक्षा हे माइकचं चित्र दाब आणि ह्याला सांग." सांगतीया. खरं लिहितंय का खोटं, मला काय कळणार! मला वाचता येत न्हाय आणि त्याला ऐकून हसता येत न्हाय. जोडी बरी जमली.

१० सप्टेंबर, बुधवार

पिशवी टांगलीया खांबाला. दूध जास्त झालेल्या चहाचा रंग. एक मशीन ते थेंब-थेंब नळीत ढकलतंय — तासाला इतकंच, थेंब इकडं न्हाय तिकडं न्हाय. असं मापात वाढणारी सासू कुठं मिळायची!

आरोही म्हणाली, असल्या आजारात अंग स्वतःचंच मांस खायला लागतंय, म्हणून पोटात लवकर घालावं लागतं. आधी थोडं दिलं. आज पुरं माप चालू केलं, खाती-पिती बाई म्हणून.

मी म्हटलं, बरं झालं. मी वाढलं असतं तर रूपाली म्हणाली असती — आत्ती, आज माझा उपास हाय.

— आता हे काय गेलं तोंडातनं!

सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा. मधी चतुर्थी, एकादशी. मीच म्हणायची, "अगं, देवाला बी एखादा दिवस सुट्टी दे की!" पण उपासाला माणूस खातंयच की. शाबू, वरी, शेंगदाणं. खात असणारच. ताट घेऊन बसायची ती... कुठं बसायची? आमी सगळी उठल्यावर आत बसायची. मी तवर अंगणात सुपारी कातरत असायची.

खात असणारच.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी श्वास लागला. छातीचं ठोकं वाकडं-तिकडं पडाय लागलं. पळापळ. घशात मोठी नळी घातली, आता श्वास बी मशीनच घेतंय.

डॉक्टर बाहेर आले. रक्तातलं फॉस्फरस एकदम तळाला गेलंय म्हणाले. आरोही त्यांच्या मागं. तिनं माझा हात धरला आणि शेतकऱ्याच्या बाईला समजंल असं सांगितलं — लई दिवस उपाशी असलेल्या अंगात एकदम पुरं अन्न घातलं की असं होतं. अंगात उरलेले क्षार सगळे ते अन्न जिरवायला पळतात. काळजाला आणि श्वासाला काय उरत न्हाय.

"क्षार आम्ही शिरेतनं भरतोय. पण हे उपासमारीनं झालं असेल तर पिशवीतलं जेवण आजच कमी करायला हवं. स्वादुपिंडाची सूज वाढून झालं असेल तर कमी करून चालणार नाही, उलट आत साचलेलं पाणी काढायला पोटात आणखी एक नळी घालावी लागेल. रिपोर्ट दोन्हीकडं बोट दाखवतायत. आज्जी, त्या खरंच जेवत होत्या?"

रूपालीचा भाऊ साईराज खानापुरासनं आलेला. शेजारीच उभा. त्याच्यादेखत कसं म्हणू, तुझी बहीण काय खाती ते मला ठाऊक न्हाय?

"दोन भाकऱ्या," मी म्हटलं.

परत! तेच! तोंडानं आपलं आपणच बोलून टाकलं!

मग रविराजला म्हटलं, मी घरला जाऊन अंघोळ करून येती.

११ सप्टेंबर, दुपार. रिक्षात

अंघोळ-बिंघोळ काय केली न्हाय. शालूबाईच्या दारात उभी राहिले. आमची शेजारीण. डोळं असं की गावातलं एक बी ताट तिच्या नजरेतनं सुटायचं न्हाय. म्हटलं, "आमची रूपाली जेवायची का गं?"

ती म्हणाली, "मला विचारतीस?"

"सांग की!"

"वटपुनवेपासनं तुमच्या घरातल्या दोन भाकऱ्या रोज आमच्या म्हशीला येतात. मला वाटलं काय नवस असंल. गणपतीच्या आधी म्हटलं, रूपाली, गालाची हाडं दिसाय लागलीत गं. तर म्हणाली, चहा घेतलाय मावशी. चहाच घ्यायची ती. नुसता. पंधरा दिस तरी."

घरात जाऊन पेटीतनं रूपालीची पोलकी काढून बघितली. शिवणी दोनदा आत घेतल्यात. हातानं. बारीक टाक्यांनी — कुणाला दिसू नये असल्या.

अरं बाबा, जरा जोरात चालव की! सिग्नल-बिग्नल सोड!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल सांगितलं. सगळ्यांच्या देखत. डॉक्टर, आरोही, रविराज, साईराज.

"मी खोटं बोलले. ती काय खायची मी कधी बघितलंच न्हाय. तीन महिने भाकरी म्हशीला घालत होती. पंधरा दिस नुसता चहा."

मला वाटलं डॉक्टर ओरडतील. ओरडले न्हाईत. आरोहीला म्हणाले, "माप पाव करा." ती आत गेली, मशीनचा आकडा खाली आणला. जीवनसत्त्वाची सुई दिली, शिरेत दुसरी बाटली लावली. दर सहा तासांनी रक्त काढणार. मग हळूहळू वाढवायचं. पोटात नळी घालायचं तूर्त थांबलं.

बाहेर येऊन ती म्हणाली, जेवलं की खड्याची कळ येत असणार. म्हणून टाळत असतील. उपास म्हटलं की कुणी विचारत नाही.

रविराज भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पंचवीस वर्षं तिच्या हातचं जेवतोय तो बी. साईराज बोलला. आवाज न चढवता.

"मावशी, आमच्यात दावणीच्या बैलानं वैरण टाकली तर सांजच्याला घरभर कळतंय."

 

१३ सप्टेंबर

काय न्हाय. थांबायचं.

१४ सप्टेंबर, रविवार

फॉस्फरस जरासं वर आलंय. ठोकं सरळ पडतायत. पिशवीचं माप इतकं कमी की चिमणीला बी पुरायचं न्हाय. मी आरोहीला म्हटलं, "जरा वाढव की गं, लेकराला!" तर म्हणाली, "आज्जी, तुम्ही आता जेवणातलं बोलू नका." हसली, पण बोलली. मला आवडली ती पोर.

मी बी शेवटीच जेवायची. माझ्या सासूनं माझं ताट बघितलं न्हाय, मी रूपालीचं. मला भूक लागायची तवा मी कढईतलं खाऊन घ्यायची आणि तोंड पुसायची. मला वाटलं ही बी तसंच करत असंल. सगळ्याच सुना चोरून खातात असं मी धरून चालले. चोरून उपाशी राहती असं कुणाच्या मनात येईल?

पण एक हाय. तिनं सांगायचं की मला! एक शब्द! मी काय खाल्लं असतं तिला? आत्ती, पोटात दुखतंय — एवढं बोलायला काय लागतंय? मी स्वतः दवाखान्यात नेली असती. तोंड शिवून बसली आणि हितवर आली पाळी. माझं चुकलं ते मी कबूल केलं. पण अर्धं तिचं बी हाय. हे लिहून ठेव.

१७ सप्टेंबर, बुधवार

घशातली नळी काढली!! स्वतःच्या श्वासानं श्वास घेती. नाकातली हाय अजून. आता पाऊण माप चालू, आणि रक्तातलं सगळं जागेवर. साईराज चहा घेऊन आला माझ्यासाठी. कप हातात ठेवून गेला. पण साखर बरोबर होती.

२० सप्टेंबर, शनिवार

वॉर्डात आणलं. आरोहीनं आधी चमच्यानं पाणी पाजून बघितलं, ठसका लागतो का म्हणून. घशावर दोन बोटं ठेवून. न्हाय लागला. मग पातळ पेज, चार चमचे. तूप न्हाय, तेल न्हाय. खड्याची पिशवी ऑपरेशन करून काढायची पुढच्या महिन्यात. तवर तेलकट-तुपकट बंद.

पाचवा चमचा मी द्यायला गेले, तर म्हणती, "आत्ती, बास."

म्हटलं, "उपास हाय व्हय?"

हसली! ओठ फुटलेत, तरी हसली. इतक्या दिवसांनी माझ्या थट्टेला कुणीतरी हसलं.

अजून विचारलं न्हाय तिला. का सांगितलं न्हाईस म्हणून. ताकद येऊ दे. मग विचारते. मनात खुपतंय माझ्या.

२२ सप्टेंबर, सोमवार

विचारलं.

म्हणाली, "सांगितलंतं की, आत्ती. जेवलं की पोटात दुखतंय म्हणून. दोनदा. दुसऱ्यांदा पाहुणे बसले होते. तुम्ही म्हणालासा — जेवल्यावर दुखतंय म्हंजे भांडी घासायची वेळ झाली. सगळी हसली. मी बी हसले."

मला आठवत न्हाय. लई आठवून बघितलं.

पण बोलणं माझंच हाय. ओळखलं मी.