कस्तुराने सोडलेली जागा

केंब्रिज, मंगळवार, संध्याकाळ

दोन नाहीत. एकच आहे. दुपारपासून डोक्यात हेच.

आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटाच्या जंगलातला कस्तूर पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही. तिथून येणारी रेकॉर्डिंग्ज ऐकायची, हे माझं काम. गेल्या आठवड्यात एका रेकॉर्डिंगमध्ये मला दोन पक्षी सापडले. एक शीळ घालतो, श्वासभर थांबतो, मग दुसरा उत्तर देतो. त्या दरीत जोडी आहे म्हणून लॅबमध्ये केक मीच नेला. किती मिरवले!

ती रेकॉर्डिंग्ज करणारा विनय काल बेटावरून परत आला. आज त्याला हौसेने ते ऐकवलं, तर त्याचा चेहराच उतरला.

"अगं, दुसरा आवाज आपल्या स्पीकरचा आहे. कस्तूर जवळ यावा म्हणून मी त्याचीच जुनी शीळ वाजवत होतो. नोंद करायची राहिली."

"पण मध्ये जागा आहे ना, श्वासभर?"

"तो थांबला की मी बटण दाबायचो."

"कधीपर्यंत?"

"बॅटरी संपेपर्यंत."

खूप चिडले त्याच्यावर. पण मी तरी काय केलं? मला हवं तेवढंच ऐकलं. उत्तरं संपली तिथे हेडफोन काढून ठेवला, पुढचं निरुपयोगी म्हणून.

आत्ता घरी बसून उरलेली वीस मिनिटं ऐकली. स्पीकर गप्प आहे. कस्तूर गातो, थांबतो, पुन्हा गातो. दर वेळी श्वासभर जागा सोडून.