न दिलेला खो

प्रिय चारू,

अनेक आशीर्वाद. तुझी आई परवा सुकापूरच्या बाजारात भेटली. म्हणाली, खारघरच्या ऑफिसातून येतेस, जेवतेस आणि भिंतीकडे तोंड करून पडतेस. खेळायचे बूटही माळ्यावर टाकलेस म्हणे. ऐकून घास गोड लागला नाही गं.

मैदानावर मुलींसाठी संडास-बाथरूम झालं एकदाचं. दाराला आतून कडी, नळाला पाणी. विनिता आता सरावाला बाटली आणते आणि चक्क सगळी पिते! दोन वर्षांपूर्वी त्या उपान्त्य सामन्यात तीच चक्कर येऊन पडली होती. सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता पोटात. का नव्हता, ते सांगायला तुम्हा पोरींना लाज आणि ऐकायला आम्हाला.

मग अंतिम सामना. आठ जणी रांगेत बसलेल्या, नववी तू खांबापाशी. शिट्टी झाली आणि तू धावलीच नाहीस. तिथेच मांडी घातलीस, म्हणालीस, "आधी संडास बांधा." पंच माझ्यावर खेकसले, "अहो, उठवा तुमच्या पोरींना!" मी म्हटलं, "खो मिळाल्याशिवाय उठतील कशा? नियम आहे साहेब." लोक हसले. मीही मिशीतल्या मिशीत हसलो.

चौकशीला बसलो तेव्हा हसू पळालं. आठ जणी नियमाने बसलेल्या, त्यांना कोण काय करणार? धावायचं होतं तुला एकटीला, म्हणून दोन वर्षांची बंदीही तुला एकटीला. राज्याच्या संघातलं नावही गेलं. एरवी सुरुवात विनिता करायची. त्या दिवशी तू हट्टाने मागून घेतलीस. का, ते तेव्हा उमगलं. मी नियमांचं पुस्तक वाचून वाचूनच शिकवायला शिकलो, पण त्यात मैत्रिणींना लपवायला जागा आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

बाथरूमच्या भिंतीवर देणगीदारांची नावं कोरलीत. तुझं नाही.

बंदी सोमवारी संपली, चारू. तू विसरली असशील, मी नाही. वयोगट निघून गेला, तो काही मला परत आणता येत नाही. पण रविवारी सकाळी मैदानावर फक्की मारून ठेवतो. आठ जणी बसतील. नववीची जागा कुणी घेतलेली नाही. फार बसलीस पोरी. माझे गुडघे कुरकुरतात, तरी तुझ्या पाठीशी येऊन सांगतोय: खो!

तुझाच,
कृष्णकांतकाका