बसऱ्याचा खजूर आणि गिरीजची सुकेळी

१२ जानेवारी १९५२
भुलेश्वरचा शेठ म्हणतो, यंदा सुकेळी आणू नका. सरकारनं बसऱ्याकडच्या देशाशी करार केलाय, तिथला खजूर बोटी भरून येतोय, तोही स्वस्त. "सुकवलेलं केळं आता कोण खाणार, गंगारामभाऊ?" मी छाती काढून म्हणालो, आमच्या गिरीज गावच्या राजेळी केळ्यापुढे तुमचा खजूर म्हणजे चिखल. शेठ हसला. चहासुद्धा विचारला नाही.

१३ जानेवारी
शत्रूची परीक्षा म्हणून पुडाभर खजूर आणलाय. बायकोला, सुभद्रेला, न दाखवता अर्धा संपवला. परीक्षा चालू आहे.

२ मार्च
शेठ नको म्हणाला तरी हट्टानं सुकेळी केली. घरात ढीग पडलाय. येईल त्या पाहुण्याला जुडी बांधून देतो. पाहुणे यायचे थांबलेत.

९ जून
डोकं फिरलं. राजेळीची सगळी बाग तोडली. कंदही खणले — राहिले तर फुटतील आणि मी पुन्हा मोहात पडेन. आता मोगरा लावणार. त्याचा करार कोण करतंय बघू!
शेजारचा सेबेस्टियन कुंपणावरून म्हणाला, "भाऊ, कंद टाकता कशाला? मला द्या." दिले. वर उपदेशही दिला — लाव आणि बस रडत.
सुभद्रा बांधावर बसून बघत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून सुकेळी तिच्या हातची. एवढंच म्हणाली, "मग उन्हाच्या दिवसांत मी काय करू?" तरी मी कुदळ थांबवली नाही. मूर्खपणातसुद्धा मी अर्ध्यावर सोडत नाही.

११ जून
बायको कामापुरतं बोलते.

२० नोव्हेंबर १९५३
पेपरात बातमी — खजुराच्या आयातीला लगाम. पाठोपाठ शेठचा माणूस दारात. असेल तेवढी सुकेळी द्या म्हणतो. मी त्याला मोगरा दाखवला. त्यालाही फूल नव्हतं.

२२ नोव्हेंबर
सेबेस्टियन आला. त्याची राजेळी तयार झाली, पण सुकवणं त्याच्या घरी कुणाला येत नाही. "वहिनी, सुकवायचा मांडव तुम्हीच सांभाळा." मला कुणी काही विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर
सुभद्रा सकाळीच गेली, आमच्या चटया घेऊन. मागोमाग मीही गेलो. तिनं मला केळी सोलायला बसवलं. एक तोंडात टाकलं, तर म्हणाली, "अहो, तुम्ही आपला खजूर खा. पुडा माळ्यावर लपवता ना?"
आणि हसली.