रंजीचा गावातला हिवाळा

२१ ऑगस्ट
पाऊस उघडायचं नाव नाही. तरी पोरांना घेऊन बांधापर्यंत गेले. अंगणवाडीच्या चार भिंतींत कोंडून ठेवलं की एकमेकांना चावतात नुसती. यशोदाची रंजी चिखलात बसली ती उठेचना. साडेतीन वर्षांची. हातात इवलासा खेकडा. वर बघून म्हणाली, "खेका." आणि मग, "खेका पानी."
दोन शब्द जोडले! जूनमध्ये आली तेव्हा नुसतं बोट दाखवायची. मी वेड्यासारखी रडले तिथंच, भर पावसात. बरं झालं, कुणाला कळलं नाही.

४ सप्टें.
पर्यवेक्षिका मॅडम आल्या. आमचा ऋतूंचा कोपरा बघून खूश. पावसाळ्याच्या फळीवर तेरडा, शेवाळ, गोगलगायीचे शंख, काकडीच्या बिया. पोरं हात लावतात, वास घेतात, मोजतात, नावं घेतात. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, पण खरं आहे ते. डोळ्यांनी बघतेय मी.
मग निघताना : "हिवाळ्याची फळी दरवर्षी रिकामी कशी हो बाई?"
म्हटलं, दिवाळी झाली की गाव जगायला जातं मॅडम, द्राक्षाच्या बागांवर. मोठी पोरं मागे राहतात, पाचाच्या आतली आईच्या कडेवर जातात. इथली रीतच आहे. शिकवू कुणाला, फळीला?
"पालकांचं मन वळवा."
वळवा म्हणे! सोपं आहे बोलायला.

९ ऑक्टो.
खुरासणी फुललीय, टेकडी पिवळी. रंजी "पिवलं" म्हणते. बिया मोजते, चार विसरते, पाचावर उडी. शब्द २३.
मागच्या वर्षीची वही काढली. तेव्हाही दिवाळीआधी १४ होते. बागेवरून आली तेव्हा शून्य. आईबाप कामात, ही दिवसभर वेलीखाली गोणपाटावर, हातात बिस्किटाचा पुडा. बोलणार कोणाशी? अर्धं वर्ष भरायचं, अर्धं वर्ष सांडायचं. एक हिवाळा. फक्त एक हिवाळा इथं मिळाला ना पोरीला...

१६ ऑक्टो.
उद्या वाघबारस, दिवाळी लागली. यशोदाच्या घरी गेले. तासभर बोलले, घसा बसला. थंडी, दव, बोरं, पानगळ, सगळं सांगितलं. चारी बाजूंनी वर्ष बघितलं की पोर कशी फुलते ते सांगितलं.
यशोदा खाली बघून म्हणाली, "बाई, दूध नाय तुटलं तिचं आजून. अंगाला लागल्याबिगर झोपत नाय."
म्हटलं, चार वर्षांची होईल आता, किती दिवस पाजणार? लेकीचं भलं कळत नाही का तुला?
हो, असंच म्हटलं. तोंड आहे की तोफखाना माझं.
नवरा काळू लगेच, "बाई शिकल्याल्या हायेत, त्यान्ला कळतं." म्हातारी सासू कोपऱ्यातून बोलली, "पाचाच्या आतलं पोर आईपासून तोडू नाय." मी हसले. कशाला हसले कोण जाणे.
ठरलं. रंजी आजीजवळ राहणार.

५ नोव्हें.
जीप सकाळीच गेली. रडारड नको म्हणून मी रंजीला आधीच अंगणवाडीत आणून बसवलं होतं, बियांचा डबा देऊन. माझीच युक्ती. जीपचा आवाज आला, तिनं मान वर केली, मी म्हटलं मोज, मोज. मोजल्या तिनं. चारसुद्धा बरोबर आला.
यशोदाला जाताना लेकीचं तोंड बघू दिलं नाही मी.

१२ नोव्हें.
जेवत नाही. उंबऱ्यावर बसते, रस्त्याकडे तोंड. पहिले दोन दिवस "आई", आता तेही नाही. आजी म्हणते रात्रभर पदर चोखते. गवतावरचं दव दाखवलं, बोट धरून लावलं. हात काढून घेतला.
सवय होईल. होतेच ना सवय?

३ डिसें.
हिवाळ्याची फळी भरली एकदाची. बोरं, वाळकी पानं, भाताच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे. मॅडमनी फोटो काढला, रंजीला मध्ये उभं करून. म्हणाल्या तुमची अंगणवाडी सगळ्यांना दाखवायला पाहिजे. मी वजनाचा तक्ता पुढे केला. ऑक्टोबरपेक्षा कमी. "भरेल हो." भरेल.
दुपारी यशोदाचा फोन, माझ्या मोबाइलवर. रंजीच्या कानाला लावला. "रंजे, ए रंजे, जेवली का ग?" पोरीनं ऐकलं, आणि फोन नेऊन फळीवर बोरांशेजारी ठेवला. आतून यशोदा हाका मारतच होती. मी कापला शेवटी.
शब्द : लिहीत नाही.

१९ जाने.
बोलली! "थंडी. शेकू." माझ्या मांडीवर येऊन. आठवडाभरात सगळे जुने शब्द परत, वर नवे. "पान पललं." "बोल आंबट." वजनही चढतंय. माझ्या हातूनच जेवते, माझ्याच मागे घरी येते, मी पाणी भरायला निघाले तरी रडते.
मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. बघा म्हणावं, कोण बरोबर होतं!

२४ फेब्रु.
पळस फुललाय. रंजी आता प्रश्नाच्या वाटेवर आहे, कशाकडेही बोट करून "हे काय?" मी शिकवलं, हे काय, ही कोण, तो कोण. दिवसभर तेच. डोकं खाते कार्टी. शब्द मोजणं सोडलं, मावत नाहीत.

५ मार्च
परवा शिमगा झाला. त्याच दिवशी जीप आली होती, सणापुरती. यशोदा घरी न जाता तशीच इकडे, डोक्यावर बोचकं, हातात फ्रॉकची पिशवी. दारातच उकिडवी बसली. "रंजे, ये."
रंजी माझ्या मागे. पदर घट्ट धरलेला. मान तिरकी करून बघितलं आणि मला विचारलं, स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता :
"ही कोन?"
यशोदा ओरडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "लय चांगली बोलाय लागली, बाई."
फ्रॉक खाली ठेवला आणि गेली.

९ मार्च
रंजी आईजवळ जात नाही. घरी नेली की किंचाळते. नदीवर यशोदा भेटली. म्हणाली, "तिकडं पयले आठ दिस चोळी भिजायची, बाई. मग आटलं." कपडे धूतच राहिली. मी माझी बादली रिकामीच घेऊन परत आले.
वाटेत त्यांच्या दारात म्हातारी बसली होती. वाटलं आता ऐकवेल. तिनं सूप उचललं नि आत गेली.

१४ मार्च
उद्या परत निघतायत, पावसापर्यंत. काळू म्हणतो राहू दे पोरीला, शाळेला उपयोग होईल. नेलं तर पुन्हा वेल, गोणपाट, मुकी. आणि ठेवलं तर आईला "मावशी" म्हणेल जूनमध्ये, तेही कुणी शिकवलं तर. दोन्हीकडून मीच मारलं पोरीला.
संध्याकाळी यशोदा आली. बसली नाही.
"बाई, नेऊ का ठेवू? तुमी सांगा."
मागे न विचारता तासभर सांगत होते. आज तिनंच विचारलं. म्हटलं सकाळी सांगते.
जीप सातला आहे.